कस्टमरचा ताळेबंद हातात आलाय, पण वाचायचा कुठून?

शिरोलीवाला

नमस्कार मंडळी. माझं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीन शॉप आहे, तीन सीएनसी, दोन व्हीएमसी (दोन्ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीन) आणि माझ्यासकट अकरा माणसं. फौंड्रीतून कास्टिंग घ्यायचं, मशिनिंग करायचं आणि पुढं पाठवायचं एवढाच धंदा. शिक्षण आयटीआय टर्नर, त्यामुळं ड्रॉइंग द्या, कुठं किती टॉलरन्स आहे ते झोपेत सांगतो, पण आकड्यांचे कागद समोर आले की डोकं बंद.

तीन वर्षांपूर्वी एका कस्टमरने माझे साडेअकरा लाख बुडवले. बुडवले म्हणजे काय, एक दिवस फोन लागेना म्हणून गेलो तर गेटवर बँकेची नोटीस चिकटवलेली आणि वॉचमन म्हणतो साहेब आत कोणीच नाही. त्याच्या आधीच्याच दिवाळीला त्यांनी आम्हाला काजू-बदामाचा डबा दिला होता, ऑफिसात नवीन सोफा आला होता, मला वाटलं जोरात चाललंय. ते पैसे गेले ते गेलेच, बायकोचं सोनं अजून बँकेत आहे.

आता पुण्याकडची एक कंपनी आलीये, पंप बॉडीचं काम, महिन्याला साधारण १८ लाखांचं. क्रेडिट ९० दिवस मागतायत. म्हणजे पहिला रुपया हातात यायच्या आधी माझे ५४ लाख आणि वर जीएसटी तिकडं अडकणार, आणि त्यासाठी अजून एक व्हीएमसी लोनवर घ्यावी लागणार. भाचा सीए करतोय, त्याने एमसीएच्या म्हणजे केंद्राच्या कंपनी खात्याच्या साइटवर शंभर रुपये भरून त्या कंपनीचे तीन वर्षांचे कागद काढून दिले, मार्च २०२४ पर्यंतचे. प्रायव्हेट लिमिटेड आहे, शेअर बाजारात नाही. ६४ पानांचं पीडीएफ आहे. भाचा म्हणतो विक्री ९६ कोटी, मग ११८, मग १४२. नफा २.४, २.९, ३.६. करंट रेशो, म्हणजे वर्षभरात हातात येणारं भागिले वर्षभरात द्यायचं, १.१४. "मामा, बिनधास्त घे." पण त्याची परीक्षा नोव्हेंबरला आहे आणि माझी आत्ताच आहे.

मला शेअर घ्यायचे नाहीत. मला फक्त कळायला हवं की ही पार्टी माझे पैसे देईल का. हे कागद त्या नजरेनं वाचता येतात का, आणि येत असतील तर सुरुवात कुठल्या पानापासून करायची?

घाटातला_ट्रकवाला

भावा कागद ठेव बाजूला. त्यांच्या गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर दोन तास बस. गाड्या किती जातात येतात, कामगारांचा पगार सात तारखेला होतो का वीसला, कॅन्टीनवाल्याचं बिल थकलंय का, सगळं फुकटात कळतंय. आणि त्यांचा जुना सप्लायर का सोडून गेला ते विचार, त्याच्या जागीच तुला घेतायत ना? ६४ पानं वाचून कुणाचे पैसे आलेत आजवर.

निवृत्त_कर्जखाते

ट्रकवाल्या दादांचं म्हणणं खोटं नाही, जुना सप्लायर का गेला हा प्रश्न तर लाखाचा आहे. पण टपरीवर आज काय चाललंय ते कळतं, गेल्या तीन वर्षांत गाडी कुठल्या दिशेला वळत आलीये ते कागदावरच दिसतं. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज विभागात, त्यामुळं ताळेबंद बघायची खोड अजून गेली नाही. आमच्या गल्लीतल्या पतसंस्थेचा अहवाल आला तरी "ऑडिट वर्ग अ" सोडून पुढची पानं वाचणारा मी एकटाच.

शिरोलीवाले, तुम्ही ड्रॉइंग वाचता म्हणालात ना, मग अवघड नाही. फ्रंट व्ह्यू, टॉप व्ह्यू आणि सेक्शन, वस्तू एकच पण बघायची बाजू तीन, तसंच हे आहे. नफा-तोटा पत्रक म्हणजे वर्षभर काय झालं. ताळेबंद म्हणजे ३१ मार्चच्या रात्री येणं किती, देणं किती, माल किती. कॅश फ्लो म्हणजे पैसा खरंच कुठून आला आणि कुठं गेला, म्हणजे हा तुमचा सेक्शन व्ह्यू, आत कापून दाखवतो. आणि ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपा असतात, ज्या न वाचता जॉब चढवला की रिजेक्शन येतं, तशाच इथं मागं नोट्स असतात. तुमच्या भाच्याने फक्त फ्रंट व्ह्यू बघितलाय. विक्री आणि नफा हे मालकाने लोकांना दाखवायचे आकडे, तुम्हाला त्यातून फारसं काही मिळायचं नाही.

पुस्तकात सांगतात त्या क्रमाने वाचू नका, उलटे जा. सगळ्यात आधी ऑडिटरचा रिपोर्ट काढा. पहिल्याच परिच्छेदात मत दिलेलं असतं, ते साफ आहे का "अमुक गोष्ट सोडून" साफ आहे ते बघा, कारण त्या "सोडून" मध्ये कधी कधी अख्खी कंपनी बसलेली असते. मग त्याला जोडलेली पुरवणी असते, कॅरो २०२० म्हणतात. ती लोक वाचतच नाहीत, तुम्हाला सोन्यासारखी आहे. त्यात पीएफ, जीएसटी वगैरे सरकारी देणी सहा महिन्यांच्या वर थकलीत का, बँकेचे हप्ते चुकलेत का, कॅश लॉस झालाय का हे एकेका कलमात सांगावं लागतं. बँकेची मर्यादा पाच कोटींच्या वर असेल तर दर तिमाहीला बँकेला दिलेले स्टॉकचे आणि येण्याचे आकडे वहीतल्या आकड्यांशी जुळतात का हेही लिहावं लागतं. आणि एकोणिसावं कलम आहे, त्यात ऑडिटरला म्हणावं लागतं की एका वर्षात द्यायची देणी ही कंपनी देऊ शकेल याबद्दल मोठी शंका आहे किंवा नाही. तुमचा प्रश्न जवळजवळ शब्दशः तोच आहे, फक्त ऑडिटर उत्तर फार जपून देतो.

सरकारी देण्यांच्या कलमात एक वाक्य शोधा, "साधारणपणे नियमित, काही प्रकरणांत किरकोळ विलंब" अशा अर्थाचं. आमच्या बँकेत हे वाक्य दिसलं की सीनियर पेनाने गोल करायचे. कामगारांच्या पगारातून कापलेला पीएफ जो उशिरा भरतो तो सप्लायरला वेळेवर देईल अशी आशा धरू नये.

त्यानंतर थेट ट्रेड पेयेबल्सच्या नोटवर जा. ट्रेड पेयेबल्स म्हणजे तुम्हीच. तुमच्यासारख्या लोकांची देणी. एप्रिल २०२१ पासून ही देणी किती जुनी आहेत त्याचा तक्ता द्यावा लागतो, देय तारखेपासून मोजून, एक वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीनच्या वर. त्यातही एमएसएमईची म्हणजे लहान उद्योगांची वेगळी, बाकीच्यांची वेगळी, वादातली वेगळी. हा तक्ता इथं टाका. शिवाय विक्री, खरेदी, येणी, माल, देणी आणि बँकेचं कर्ज एवढे सहा आकडे पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे टाका. कॅश फ्लोचा वरचा भाग पण टाका. लाखात आहे का कोटीत ते कोपऱ्यात बघून घ्या, मी चांगल्या चांगल्या ऑफिसरांना तिथं शंभरपट घसरताना बघितलंय.

नाव_नको_अकाउंट्सवाली

काका एकदम बरोबर, पण मी त्या बाजूची आहे म्हणजे जिथं हे कागद बनतात तिथली, त्यामुळं दोन शब्द आतले सांगते.

३१ मार्चचा ताळेबंद म्हणजे लग्नाच्या अल्बममधला फोटो आहे, त्या दिवशी सगळे छानच दिसतात. मी आधी एका कंपनीत होते, नाव नाही घेणार, तिथं मार्चच्या शेवटच्या दोन दिवसांत आम्ही ढीगभर सप्लायरांचे चेक काढायचो. वहीत पेमेंट झालं, देणी कमी झाली. चेक मात्र माझ्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, रबरबँड लावून. दहा-बारा एप्रिलनंतर पैसे येतील तसे एकेक सोडायचे, आणि तोवर बिचारे सप्लायर फोन करायचे आणि मला सांगायला लावायचे की साहेब सहीला आहेत. आता बरंचसं पेमेंट ऑनलाइन होतं त्यामुळं हे कमी झालंय, पण सांगायचा मुद्दा काय तर ताळेबंदात देणी जेवढी दिसतात त्यापेक्षा वर्षाच्या मधे जास्तच असतात असं धरून चाला.

दुसरं, एमएसएमईचा रकाना. दादा, तुम्ही उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारी नोंदणी, केलंय ना? नसेल तर आजच्या आज करा, फुकट आहे, आणि नंबर प्रत्येक बिलावर छापा. मायक्रो आणि स्मॉल युनिट असेल तर कायद्याने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात, करारात ९० लिहिलं तरी ते ४५ च्या पुढं धरलं जात नाही, आणि उशीर झाला तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. शिवाय २०२३-२४ पासून इन्कम टॅक्सचं ४३बी(एच) हे कलम आलं, म्हणजे तुमचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर तो खर्च त्यांना त्या वर्षी धरता येत नाही, प्रत्यक्ष देतील त्या वर्षी. त्यामुळं परचेसवाले काय करतात माहितीये, उद्यम नंबर न विचारणं. विचारलं नाही म्हणजे माहीत नाही आणि माहीत नाही म्हणजे तो सप्लायर "इतर" मध्ये. त्याच कंपनीत सप्लायरांनी पाठवलेली उद्यम सर्टिफिकेटं एका फायलीत होती आणि ती फाइल सिस्टिममध्ये कधीच चढली नाही. मी दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही, नोकरी होती.

म्हणून त्या नोटमध्ये एमएसएमईची देणी किती आणि इतरांची किती हे प्रमाण बघा. तुमच्यासारख्या शॉपवाल्यांकडून माल घेणाऱ्या कंपनीत एमएसएमईचा आकडा जर चिमूटभर असेल तर एक तर ते लोक फारच भले आहेत आणि सगळं वेळेवर देतात, किंवा रकाना रिकामा ठेवलाय. कुठलं खरं ते बाजूच्या "इतर" रकान्याच्या वयावरून कळतं.

शिरोलीवाला

काका, ताई, दोघांचे खूप आभार. काल रात्री जेवून बसलो ते दीड वाजला. आकडे लाखात होते, मी कोटी करून लिहितोय.

पहिलं वर्ष म्हणजे मार्च २०२२ : विक्री ९६, खरेदी ६६, येणी २१, माल १४, सप्लायरची देणी १७, बँकेचं सीसी (कॅश क्रेडिट, रोजच्या धंद्यासाठीचं फिरतं कर्ज) १५.
मार्च २०२४ : विक्री १४२, खरेदी ९८, येणी ४७, माल २६, सप्लायरची देणी ३९, बँकेचं सीसी २४. (मधलं वर्ष येणी ३१, माल १९, देणी २६, सीसी १९.)

देणी ३९ कोटीत एमएसएमई फक्त १.१ कोटी. बाकी ३७.९ "इतर". त्यात एक वर्षाच्या आतली ३३.४, एक ते दोन वर्षं ३.२, दोन ते तीन ०.९, तीनच्या वर ०.४. वादातली शून्य. ताई तुमचं वाचून मग हे बघितलं आणि पोटात गोळाच आला.

कॅश फ्लो शेवटच्या वर्षाचा : टॅक्सच्या आधीचा नफा ४.८, त्यात घसारा २.२ आणि व्याज ३.१ मिळवलंय. मग येणी उणे १६, माल उणे ७, देणी अधिक १३. टॅक्स उणे १.२. खाली आलं उणे १.१. पुढं मशिनरीत ३.५ गेले, व्याज ३.१ दिलं, बँकेचं कर्ज ५ ने वाढलं आणि डायरेक्टरांचं कर्ज २.५ आलं.

कॅरोमध्ये ते "किरकोळ विलंब" वालं वाक्य आहे. अगदी तेच. आणि बँकेच्या तक्त्यात डिसेंबर तिमाहीला बँकेला येणी ४४ दाखवली आणि वहीत ४१ आहेत, खाली लिहिलंय की तात्पुरत्या आकड्यांमुळं फरक. याला किती महत्त्व द्यायचं?

एक कळलं नाही. नफा झाला ४.८ आणि पैसा आला उणे १.१. मग नफा झाला कसा?

निवृत्त_कर्जखाते

हा शेवटचा प्रश्न ज्याला पडला त्याला ताळेबंद वाचता यायला लागला असं समजा.

नफा झाला तो कागदावर. तुम्ही माल पाठवला, बिल फाडलं, विक्री झाली. पैसे आले का? नाही, तो पैसा येणी या नावाने बसून राहिला. किराणा दुकानदाराची उधारीची वही फुगली की दुकान जोरात चालल्यासारखं वाटतं पण गल्ल्यात नोट नसते, तसंच. विक्री एका वर्षात २४ कोटींनी वाढली आणि येणी १६ कोटींनी वाढली, म्हणजे वाढलेल्या विक्रीतला मोठा भाग अजून गिऱ्हाइकाकडेच आहे. वर ७ कोटींचा माल गोडाऊनला वाढला. हे २३ कोटी आणायचे कुठून? आता तुमचीच ओळ परत वाचा, "देणी अधिक १३". कॅश फ्लोमध्ये ही जमेची बाजू म्हणून येते, नवशिका म्हणतो वा छान. अहो, ते तेरा कोटी तुमच्यासारख्यांचे आहेत. सप्लायरला न देऊन उभे केलेले. कंपनीच्या वाढीला पैसा बँकेने दिलाय पाच, डायरेक्टरने दिलाय अडीच आणि सप्लायरांनी दिलाय तेरा. बिनव्याजी, बिनतारण, आणि न विचारता.

आता दिवस काढा. देणी भागिले खरेदी गुणिले ३६५. मार्च २०२२ ला १७ भागिले ६६, साधारण ९४ दिवस. मार्च २०२४ ला ३९ भागिले ९८, १४५ दिवस. तुम्हाला ते ९० म्हणतायत, वही १४५ म्हणतेय. तसंच येणी ८० दिवसांवरून १२१ वर गेलीत. म्हणजे त्यांची गिऱ्हाइकं त्यांना उशिरा देतात आणि ते तुम्हाला.

एक मात्र, देणी वाढली की कंपनी वाईट असं सरसकट नाही. डीमार्टसारखं दुकान घ्या, गिऱ्हाईक काउंटरवरच पैसे देतं, त्यामुळं येणी जवळजवळ नसतातच, तिथली देणी वेगळ्या नजरेनं बघायची. फायनान्स कंपनीचा कॅश फ्लो वाढीच्या वर्षांत उणे येणं हे तर स्वाभाविक, कारण कर्ज वाटणं हाच तिचा धंदा. धंदा कुठला ते विसरून नुसता रेशो लावला की फसगत होते. पण इथं धंदा पंपाचा आहे, आणि येणी, माल, देणी, बँक चारही एकदमच फुगतायत, विक्रीपेक्षा वेगाने. दोन वर्षांत विक्री दीडपट आणि येणी सव्वादोनपट. याला पैशाची ओढाताण याशिवाय दुसरं नाव नाही.

करंट रेशो १.१४ बरोबर असेल, पण त्यात वरच्या बाजूला तीच जुनी येणी आणि तोच माल आहे. येण्यातले पैसे येतील का हे रेशो विचारत नाही.

डिसेंबरचा तीन कोटींचा फरक. एखाद्या तिमाहीला होतं, फार ताणू नका. पण फरकाची दिशा बघायची. बँकेला जास्त दाखवलं की ड्रॉइंग पॉवर वाढते, जास्त पैसे उचलता येतात. बाकीच्या तिमाहींत पण असाच जास्तच दाखवलाय का बघा. कधी जास्त कधी कमी असेल तर कारकुनी चूक, दरवेळी जास्तच असेल तर सवय.

आता शेवटचं काम, रिलेटेड पार्टीची नोट काढा आणि त्याच मालकांच्या दुसऱ्या कंपनीला विक्री किती आणि तिच्याकडून येणं किती ते बघा.

घाटातला_ट्रकवाला

काका मानलं तुम्हाला. तरी एक विचारतो, त्या घोटाळ्यातल्या सत्यम कॉम्प्युटरचे कागद पण ऑडिट झालेलेच होते ना? प्राइस वॉटरहाऊससारख्या बड्या ऑडिटरची सही होती. मग?

निवृत्त_कर्जखाते

होते. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजूंचं कबुलीचं पत्र आलं तेव्हा कळलं की पुस्तकात रोख आणि बँक मिळून ५,३६१ कोटी दाखवलेत त्यातले ५,०४० कोटी मुळात नाहीतच. लोक नंतर म्हणायला लागले की एवढी रोकड आहे तर व्याज किती मिळतं ते बघितलं असतं तर पकडलं असतं. पण पत्रात हेही होतं की ३७६ कोटींचं येणं व्याजसुद्धा बनावट होतं, म्हणजे तपासणारा तिथवर गेला तर त्याचीही सोय करून ठेवलेली. सप्टेंबर २००८ च्या तिमाहीत ऑपरेटिंग नफा ६४९ कोटी दाखवला होता, खरा ६१. तेव्हा ठरवून खोटं लिहिणाऱ्यापुढं वाचणारा कमीच पडतो, हे मान्य. पण दादा, माझ्या नोकरीत बुडालेली खाती आठवतो ना, त्यातली बहुतेक अशी नव्हती. बहुतेकांनी खरंच लिहिलं होतं, नोटमध्ये, बारीक अक्षरात, आणि आम्हीच वाचलं नव्हतं.

नाव_नको_अकाउंट्सवाली

काका एक दुरुस्ती, रागावू नका. येणी आणि देणी जीएसटी धरून असतात आणि विक्री-खरेदी जीएसटी वगळून. त्यामुळं १४५ दिवस थोडे फुगलेले आहेत, १८ टक्के धरला तर साधारण १२३ होतात, आणि पहिल्या वर्षाचे ९४ चे ८०. दिशा तीच राहते, पण दादा तिकडं मीटिंगला जाऊन "तुम्ही १४५ दिवसांनी देता" म्हणाले तर त्यांचा अकाउंट्सवाला एका वाक्यात उडवून लावेल.

निवृत्त_कर्जखाते

रागावतो कशाला, बरोबर पकडलंत. आमच्या काळात एक्साइज होती, तेव्हापासूनची ही आळशी सवय आहे. १२३ धरा.

शिरोलीवाला

उशीर झाला सांगायला, तीन आठवडे गडबडीत गेले.

रिलेटेड पार्टीची नोट पान ५१ वर सापडली. मालकांच्याच दुसऱ्या एका कंपनीला वर्षभरात विक्री ९ कोटी. आणि तिच्याकडून येणं १४ कोटी. मी तीनदा वाचलं. ताईंचं ऐकून जीएसटी मिळवला तरी ९ चे साडेदहाच्या आसपास होतात, म्हणजे वर्षभरात पाठवलेल्या सगळ्या मालापेक्षा बाकी जास्त, म्हणजे आधीच्या वर्षाचेही आलेले नाहीत. ४७ कोटींच्या येण्यात १४ घरातलेच. भाच्याला दाखवलं, तो म्हणाला मामा हे आम्हाला क्लासमध्ये असं शिकवत नाहीत.

बाकीच्या तिमाही पण बघितल्या काका. चारही वेळा बँकेला जास्तच.

ट्रकवाल्या भावाचं पण ऐकलं. टपरीवर नाही बसलो पण जुन्या सप्लायरचा नंबर मिळवला, भोसरीचा आहे, म्हणाला माणसं गोड आहेत, नाही म्हणत नाहीत, फक्त पुढच्या आठवड्यात म्हणतात. त्याचे सात महिन्यांचे अडकलेत.

मग परवा पुण्याला गेलो. सरळ नाही म्हणायला जीभ रेटेना, काम खरंच चांगलं आहे आणि माझ्या दोन मशीन दुपारच्या पाळीला रिकाम्या असतात. त्यांना म्हटलं, कास्टिंग तुम्ही पाठवा, मी फक्त मशिनिंगचं जॉबवर्क करतो, म्हणजे माझा मटेरियलचा पैसा अडकणार नाही, १८ लाखांतलं माझं स्वतःचं काम सव्वापाच लाखांचंच आहे. बिलावर उद्यम नंबर असेल, ४५ दिवस. आणि दोन बिलं थकली की तिसरी गाडी गेटच्या बाहेर जाणार नाही. नवीन व्हीएमसीचं लोन रद्द केलं, बायको पहिल्यांदा माझ्या एखाद्या धंद्याच्या निर्णयावर खूश आहे.

परचेस मॅनेजर ४५ दिवसांवर हसला. म्हणाला असं कोणी देत नाही. मी म्हटलं साहेब तुमच्या ताळेबंदात एमएसएमईची देणी फक्त १.१ कोटी दिसतायत, म्हणजे बाकीच्या लहान लोकांना तुम्ही वेळेवर देत असणार, मग मलाच का नाही. तो एकदम गप्प झाला, मग विचारलं की तुम्हाला हे कोणी दिलं. शंभर रुपयांत मिळतं म्हटलं.

अजून ऑर्डर आलेली नाही. सोमवारी कळवतो म्हणालेत. आता एक शेवटचं विचारायचं होतं, एमसीएवर त्या कंपनीच्या नावापुढं बँकेच्या तारणाची जी यादी दिसते त्यात मागच्याच महिन्यात एका नवीन फायनान्स कंपनीचं नाव चढलंय, ६ कोटी, आणि तारण म्हणून येणी लिहिलीयेत. बँकेकडं आधीच येणी तारण आहेत ना? मग हे दुसऱ्यांदा कसं?

निवृत्त_कर्जखाते

बँकेने संमती दिली असेल तर होऊ शकतं, पहिला हक्क बँकेचा आणि दुसरा यांचा, किंवा दोघांचा बरोबरीचा. त्या चार्जच्या म्हणजे तारण नोंदवायच्या फॉर्मला कर्जाचा करार जोडलेला असतो, तोही त्याच शंभर रुपयांत उघडतो. त्यात व्याजाचा दर बघा आणि इथं टाका. सीसी पूर्ण उचललेली असताना मार्चच्या आधी कोणी जास्त दराने सहा कोटी उचलतो तेव्हा ते कुठं जाणार आहेत ते मला बघायचंय.

आणि सोमवारी ऑर्डर आली तर पहिल्या दोन गाड्या अर्ध्या भरून पाठवा.